बाळंतपणाचा कागद

"माहेरचं नाव सांगताय की सासरचं?" कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं.

"सासरचं. दीक्षा नागसेन ओव्हाळ. सहा वर्षं झाली. फेब्रुवारीत सिझर झालं होतं, मुलगी झाली."

"सहा वर्षं!" कारकून उसासा टाकून उठला. "बघतो. सापडेलच असं नाही हां."

दीक्षा खिडकीशी उभी राहिली. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. परवापासून हे अंग आपलं नाहीच, कुणा दुसऱ्या बाईचं आहे, असं तिला वाटत होतं.

परवा शिरूरला तिची सोनोग्राफी झाली. प्राचीच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून चार वर्षं गावच्या डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या, चार वर्षं बायकांचे टोमणे खाल्ले, मग कुठं शिरूर गाठलं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तांबी काढायला आलात ना?"

पाळणा लांबवायला बायका बसवून घेतात ती तांबी आपल्याच पोटात आहे, हे दीक्षाला तेव्हा कळलं. सासू विठाबाई शेजारीच उभी होती.

"चार वर्षं आमाला येडं बनवलंस व्हय गं?" एवढंच ती म्हणाली. परतीच्या एसटीत तिनं तोंड फिरवून घेतलं.

नागसेन रांजणगावच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून घरी आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बूट काढता काढता म्हणाला, "असं कुणी इचारल्याबिगर बसवत न्हाई. सही लागती. तुझी सही निघाली तर तू माहेरीच ऱ्हा, प्राची हितंच राहील. आन् दुसऱ्या कुणाची निघाली, तर त्यो माणूस पुन्हा आपल्या दारात दिसायचा न्हाई. रविवारी चार माणसं बसवतोय. कागद आण."

आज शनिवार.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखानाही इकडचा, दौंडच्या बाजूचा. दीक्षा पहाटेच्या एसटीनं माहेरी उतरली आणि आईला, सिंधूबाईला, घेऊन निघाली. तिथंही तासभर मोडला. वाटेत रेशनचं दुकान लागलं, आणि मशीन काही केल्या सिंधूबाईचा अंगठा घेईना. ऊसतोडीत कधीकाळी कोयता लागला होता, त्याची आडवी रेघ राहिली होती. "मावशी, दर महिन्याला तुमचं हेच," म्हणत दुकानदारानं शेवटी दुसरं बोट लावून घेतलं.

आता सिंधूबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. दीक्षा तिच्याजवळ येऊन टेकली.

"जुनं कागद कुठं ठिवत्यात गं? उंदरांनी खाल्लं असत्याल," सिंधूबाई म्हणाली. "चल माघारी. मी येते उद्या, जावयाच्या पाया पडते."

"पाया पडून प्राची मिळंल का मला?"

सिंधूबाईनं पदर सावरला.

"सिस्टरनीच बसवली असंल. कुणाला न इचारता," दीक्षा म्हणाली.

"व्हय, तसंच असंल," सिंधूबाई लगेच म्हणाली.

आईचा चेहरा पार उतरला होता. दीक्षाला तिची दया आली. या चार वर्षांत एका शब्दानं टोचलं नाही असं माणूस म्हणजे हीच. "घाई कशाला? पाच वर्सं जाऊ दे. सहाव्या वर्सी पाळणा हलतोय बघ, न्हाई हलला तर माझं नाव बदल," असं ती छातीठोकपणे सांगायची. पाच वर्षं संपली तशी तिचा दर महिन्याला फोन यायला लागला. "ह्याबी महिन्याला पाळी आली?" दीक्षा "आली" म्हणायची, आणि पलीकडून फोन ठेवला जायचा.

आईनं तरी किती सोसायचं? थोरली लेक रश्मी प्राची होण्याआधीच गेली. पहिल्या सिझरला वर्ष व्हायच्या आत तिला दुसरं राहिलं, आणि त्या बाळंतपणात आई-लेकरू दोन्ही गेलं. भिंतीवरच्या फोटोतली रश्मी अजून बावीस वर्षांची होती.

"ओव्हाळ!"

दीक्षा धावतच आत गेली. टेबलाशी वच्छला सिस्टर उभ्या होत्या, हातात पिवळी पडलेली फाइल.

"ही पाच वर्षांची तांबी आहे, बाई. काढायला का नाही आलात? मुदत संपली की आपोआप गळून पडते असं वाटतं बायकांना. तसं नसतं. काढावीच लागते."

"मला ठाऊकच नव्हतं, सिस्टर. सही कुणाची हाय?"

"तुम्ही टेबलावर होता, पूर्ण भूल दिलेली. बाहेर नातेवाइकाला विचारलेलं दिसतंय." सिस्टरनी पान उलटलं. "सही नाहीये. अंगठा आहे."

दीक्षानं डोळे मिटले. ती बारावी शिकलेली. जन्मात तिनं कुठं अंगठा दिला नव्हता. म्हणजे आपण सुटलो. प्राची आपली. परवापासून पहिल्यांदाच तिच्या छातीत काहीतरी हललं.

"झेरॉक्स द्या मला," ती म्हणाली. "उद्या चार माणसांत दाखवायचीय."

"आधी बघून घ्या. ओळखीचा आहे का ते."

"अंगठ्यावरनं काय ओळखू येणार, सिस्टर?" दीक्षा जवळजवळ हसलीच. तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला.

निळ्या शाईचा ठसा अजून ठळक होता, आणि त्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ.