आठ नंबर

प्रशिक्षक ओरेस्तेस मास्तर कोसळले तेव्हा फुटबॉलच्या सामन्याची सदुसष्ट मिनिटं झाली होती आणि दोन्ही संघांचा एक-एक गोल होता.

रेफ्रीनं शिट्टी मारून खेळ थांबवला. रुग्णवाहिका मैदानाच्या कडेनं आत आली. कप्तान जेनिवाल्दो सगळ्यांत आधी धावत पोचला होता. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध होती. स्ट्रेचर उचलताना त्यांनी जेनिवाल्दोच्या छातीवर बोट टेकवलं.

"तू बघ," ते म्हणाले. दार बंद झालं.

एस्पेरांसा हा पेद्रा आल्ता गावाचा छोटासा संघ. त्याला सहायक प्रशिक्षक परवडत नव्हता. बाकड्यावर होता तो फक्त बेनेदितो, गोलकीपरांना शिकवणारा. हंगामाचा हा शेवटचा सामना बरोबरीत सुटला तर पुन्हा दुसऱ्या विभागातच. जिंकलं तर एकोणीस वर्षांनी पहिल्या विभागात. गावातली दुकानं सकाळपासून बंद होती.

"मला फक्त गोलकीपरांतलं कळतं रे," बेनेदितो म्हणाला. "बाकीचं तूच सांग."

जेनिवाल्दो रेषेबाहेर उभा राहिला. सतरा वर्षं तो मैदानाच्या मधोमध खेळला होता. पण मैदानाकडे असं बाजूनं, शांतपणे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. सगळे जिथल्या तिथे उभे होते, कुणी पाणी पीत होतं, कुणी प्रार्थना करत होतं.

"बेनेदितो, त्यांचा पाच नंबर मघापासून एवढा पुढं का येतोय?"

"त्याला भीती नाही म्हणून. त्याच्या पाठीमागं रान मोकळं आहे आणि तिथं आपलं कुणी जात नाही."

"कुणी जायला पाहिजे?"

बेनेदितो बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागला.

"बोल की. वेळ नाही."

"आठ नंबरनं," बेनेदितो म्हणाला.

आठ नंबर जेनिवाल्दोच्या पाठीवर होता. गावातल्या निम्म्या पोरांच्या पाठीवरही तोच होता.

जेनिवाल्दोनं पुन्हा मैदानाकडे पाहिलं. उजवा गुडघा सकाळपासून सुजला होता, पण प्रश्न गुडघ्याचा नव्हता. त्याला आता स्वच्छ दिसत होतं. समोरचे लोक त्याला मुद्दाम मोकळा सोडत होते. चेंडू त्याच्याकडे आला की ते निवांत मागं सरकून जागा भरून काढत. चेंडू वळवायला त्याला आता लागणारा एक जादाचा क्षण त्यांना पुरत होता. जो प्रत्येक चेंडू हक्कानं मागत होता, तोच संघाला अडवत होता.

"दोरिवालला अंग गरम करायला सांग," तो म्हणाला. "आणि बदलीच्या पाटीवर आठ लाव."

"वेडा झालास काय! लोक मला फाडून खातील!"

"तुला का खातील?"

"पाटी कोण उचलणार आहे? मीच ना?"

पाटी वर गेली. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग अख्खं मैदान ओरडायला लागलं. संत्र्याच्या साली उडाल्या, त्यातली एक बेनेदितोच्या कानाला लागली. प्रेक्षकांच्या तिसऱ्या पायरीवरून जेनिवाल्दोच्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला.

"कुठल्या गाढवानं माझ्या पोराला बाहेर काढलं? त्याला उभं करा माझ्यासमोर!"

जेनिवाल्दोनं कप्तानाची पट्टी सोडून एका बचावपटूच्या दंडावर बांधली आणि दोरिवालला जवळ ओढलं. चोवीस वर्षांचा हा मुलगा वर्षभर बाकड्यावर बसून होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"चेंडू मागू नकोस. पाच नंबर पुढं आला की त्याच्या पाठीमागं पळ. पळतच राहा. चेंडू येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर परत पळ."

दोरिवाल चार वेळा पळाला आणि चेंडू आला नाही. लोक शिट्या वाजवत होते. जेनिवाल्दो रेषेवर पुढंमागं करत ओरडत होता, नावं घेऊन एकेकाला जागेवर ढकलत होता. त्याचा घसा बसला. दोरिवाल पाचव्यांदा पळाला तेव्हा त्यांचा पाच नंबर त्याच्या मागं धावला, आणि मधे पहिल्यांदाच मोठी वाट उघडली. एस्पेरांसाचा डावा खेळाडू त्या वाटेनं सरळ आत घुसला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला जाळी हलली.

पुढचं जेनिवाल्दोला नीट आठवत नाही. ढोल आठवतात. सगळी पोरं चेंडू सोडून त्याच्याच अंगावर येऊन पडली हे आठवतं. आणि आई, जी कुंपण ओलांडून आत आली होती आणि बेनेदितोचे मुके घेत होती.

उजेड होता तोवरच तो दवाखान्यात पोचला, चिखलाच्या बुटांसकट. मास्तर उशीला टेकून बसले होते. नर्सची नजर चुकवून त्यांनी पांघरुणाखाली रेडिओ दडवला होता.

"जिंकलो, मास्तर."

"ऐकलं. सगळा दवाखाना ओरडत होता." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला बाहेर कुणी काढलं? बेनेदितोची एवढी छाती नाही."

"मीच काढलं."

मास्तरांचे डोळे भरून आले तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

"मला दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं, पोरा. तुला बाकड्यावर बसवायचं दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी कच खायचो." त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "आजपासून संघ तुझा. मी उद्या ठणठणीत होऊन आलो, तरीसुद्धा."