अडीअडचणीची जीप

शालिग्रामची टुरिंग टॉकीज आणि संसार, दोन्ही एकाच ट्रकात. वाटेत ट्रक बंद पडला तर खेळ बुडू नये म्हणून त्यानं चार गाड्या तपासून एक जुनी जीप घेतली, ट्रकच्या मागं बांधून न्यायला. ओढताना तिचा गिअरबॉक्स जळू नये म्हणून खंडेनवमीच्या सकाळी मोताळ्याच्या कडूबा मिस्त्रीनं चाकं फिरवणारा शाफ्टच उतरवला.

"अडलं का शाफ्ट लावा, बोल्ट आवळा, जीप चालू!" मिस्त्री म्हणाला.

दुपारी लोणारच्या अलीकडं ट्रकनं जीव सोडला. संध्याकाळी पहिला खेळ होता, गावात जाहिराती लागल्या होत्या. तरी शालिग्राम मिशीवर हात फिरवत खाली उतरला.

"पाह्यलं? याच्यासाठीच घेतली होती जीप! मशीन आन् रिळं तिच्यात टाक. आन् तो शाफ्ट दे इकडं."

त्याची बायको कौशल्याबाई जागची हलली नाही.



"शाफ्ट मिस्त्रीच्या पाटावर हाय, हळदीकुंकू लावून. मी उचलाले गेली तं तुमीच वरडले ना, पूजेतल्या अवजाराले आज हात लावू नको म्हणून!"