दुपारचा धक्का

भूकंपाच्या धक्क्यांत पुष्पाचा फायदाच झाला. घराची भीती, म्हणून महिनाभर चूलही अंगणात आणि अंथरुणंही. एरवी मजुरीवरून दमून आलेली ती एकटीच धुरात बसायची. आता शेजारची जिवली लसूण सोलू लागायची, नवरा धनेश भाकरी करपवून शिव्या खायचा. तोटा फक्त सासऱ्यांचा. गार जमिनीवर झोपून चैत्याबाबांची कंबर धरली होती.

"आठवडा झाला, काही हललं नाही," धनेश म्हणाला. "आजपासून सगळं आत."

थापता थापता पुष्पाचा हात थांबला. "मला तर दुपारी धक्का जाणवला."

"कामाने तूच हलली असशील, बाय!" जिवली हसली.

चैत्याबाबांनी सुनेकडे पाहिलं.

"नाय रे, मला पण जाणवला," ते म्हणाले, आणि कंबर धरून अंगणातच गोधडी अंथरू लागले.