घरातला उंदीर

"तुम्ही सगळे निघून जाता आणि दिवसभर मला या उंदराच्या तोंडी देता!" सासऱ्यांचं हे रोजचंच पालुपद.

गिनीपिग आणताना मुलांनी "आम्हीच सगळं करू" म्हणून आणाभाका घेतल्या होत्या. पण पिंजरा धुण्यापासून ते केस गळून उघड्या पडलेल्या कातडीला मलम लावण्यापर्यंत सगळं सुनेच्याच गळ्यात पडलं. ऑफिसातून दमून आली, की ती हातमोजे चढवून बसायची.

आज प्राण्यांच्या डॉक्टरांनी खपली तपासली. "बुरशी आहे. याला जो कुशीत घेतो, त्याच्याही अंगावर गोल चट्टा उठतो. घरात सगळ्यांना बघा."

घरी येताच तिने दोन्ही मुलांचे हात, मान, पाठ तपासली. साधं पुरळसुद्धा नाही. त्याला हात लावला असेल तर ना!

"कशाला ते औषधपाणी? द्या सोडून बाहेर!" सोफ्यावरून सासरे करवादले.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.



बोलता बोलता ते जो खाजवत होते, तो त्यांच्या हनुवटीखालचा चट्टा अगदी गोल होता.