बिघडलेली नोंद

चंद्रावरून पृथ्वीवर जाणारं प्रत्येक यंत्र आधी इंदुमतीच्या चाचणीखोलीत यायचं. भिंतींवरचे चौसष्ट अँटेना पृथ्वीवरच्या एखाद्या घरात नोंदवलेला विद्युतचुंबकीय लहरींचा गोंगाट हुबेहूब उभा करत, आणि त्यात यंत्र टिकतं का, ते ती पाहायची.

"मिरजेच्या घराची नोंद बिघडलेली आहे," सहकारी फर्नांडिस म्हणाला. "मध्येच कसला तरी अडथळा येतो. पुसून टाकू का?"

"थांबा. एकदा लावा."

ती नोंद तिनेच, पृथ्वी सोडण्यापूर्वी, मिरजेच्या स्वतःच्या घरी घेतली होती. "पाच मिनिटं मिक्सर लावू नकोस," असं बजावूनही आईने ऐकलं नव्हतं. "उद्या निघालीस तू. मग शेंगदाण्याची चटणी कधी करू?"

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

इंदुमती जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन आत बसली. मिक्सरच्या लहरी पकडून त्यातून खर्रर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मध्ये थांबून आई झाकण काढायची आणि भांड्याच्या कडेची चटणी चमच्याने खाली ढकलायची.

ट्रान्झिस्टर पुन्हा गप्प झाला.

"संपली नोंद," बाहेरून फर्नांडिस म्हणाला. "दार उघडू?"

"जरा थांबा," इंदुमती म्हणाली. "आई चटणी खाली ढकलतेय."