दोन बेडकांचा खुराक

"किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको," भाच्याने सांगितलं. समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर मान डोलावत ऐकत होती. मागच्या शनिवारीही तिने हे असंच ऐकलं होतं.

पाळीव प्राण्यांचं दुकान मावशीचं. रातकिड्यांचं कपाट भाच्याकडे. तो किडे डब्यात झटकायचा, वर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायचा आणि डबा हलवायचा. तेवढा वेळ डॉक्टर दोन पावलं मागे सरून उभी राहायची. दिवसभर लोकांच्या दाढा उपटणारी ही बाई डबा मात्र शेपटीने उचललेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून न्यायची.

बेडूक कुठल्या रंगाचे, असं त्याने एकदा विचारलं. हिरवे, ती म्हणाली. मग म्हणाली, तपकिरी. म्हणजे दोन जातींचे, असं तो समजला.

हल्ली तिचे डोळे तारवटलेले असायचे. घरात झोपच होत नाही म्हणाली.

"बेडूक ओरडतात?"

"ओरडतं खरं कुणीतरी."

रातकिड्यांना गिऱ्हाईक ती एकटीच उरली होती. शेवटी मावशीने फर्मान काढलं, या शनिवारनंतर किडे बंद. किरकिर ऐकून कान किटले. भाच्याने बेडकांची बाजू लावून धरली. तुला काळजी बेडकांच्या पोटाची आहे की तुझ्याच पोटात दुसरं काही आहे, असं मावशीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती मांजरांना खाऊ घालायला गेली.

किडे गेले की डॉक्टरही गेली, एवढं त्यालाही कळत होतं.

नेमकी त्या शनिवारी ती आलीच नाही. दवाखान्याला कुलूप. शेजारच्या औषधवाल्याकडून त्याने पत्ता घेतला, शर्टावरची भुकटी झटकली आणि शेवटचा डबा घेऊन निघाला. बेडूक उपाशी राहायला नकोत. शिवाय कॉफीला येणार का, हे आजच विचारायला हवं होतं. उद्यापासून भेटायला निमित्तच नव्हतं.

दार तिच्या आईने उघडलं. कानांत कापसाचे बोळे. कपाटामागून, पडद्याआडून, बाल्कनीतल्या कुंड्यांतून नुसती किर्र चालली होती. आत डॉक्टर झाडू घेऊन सोफ्याखाली वाकली होती. त्याला पाहून ती तशीच वाकलेली राहिली.

"बेडकांसाठी आणलंय," तो म्हणाला.

आईने आधी डबा पाहिला, मग त्याला वरपासून खालपर्यंत. एका कानातला बोळा काढला.

"म्हणजे ते तुम्हीच," ती म्हणाली. "या, आत या. डबा तेवढा बाहेरच राहू दे. या घरात बेडूक कधी नव्हतेच."