धोक्याची पाटी

अलाबामातल्या आमच्या गावच्या लाकूडगिरणीत ओंडके पोचवायला गेलेल्या व्हर्नेलचा हात उघड्या करवतीने तोडला. तो भरपाई मागायला कोर्टात गेला, तेव्हा गिरणीचा वकील म्हणाला, “हे यंत्रांचं प्रकरण आहे, ज्युरीतल्या साध्या माणसांना कळणार नाही.” ती साधी माणसं म्हणजे आम्ही बाराजण. निकाल ठरवायच्या खोलीत आमच्यातल्या आयडाबाईंनी गिरणीने पुराव्यात दिलेली धोक्याची पाटी उचलली. “आठ वर्षं करवतीपाशी टांगली होती म्हणे. मग चूक त्याचीच की!” मी अक्षरं साठीनंतर शिकलो, पण चाळीस वर्षं दुसऱ्या गिरणीत करवतीवर काढलीत. पाटी उलटवून मी पाठ चाचपली. “बाई, तिथं महिन्याभरात टोपीलासुद्धा पाइनचा चीक चढतो. हिच्या स्क्रूच्या भोकांत भुशाचा कणही नाही!” “म्हणजे खटल्यापुरती रंगवली! मेल्यांनी आपल्याला खुळ्यात काढलं!” आयडाबाई कडाडल्या. पाटी बाराजणांच्या हातांतून फिरली. कुणाचंही बोट चिकटलं नाही.